पडद्यावरची छोटी किल्ली

“पहिल्या शंकूला ब्रेक, दुसऱ्याला ब्रेक, आणि तिसऱ्याला वाटलं तर थांबच. कुणी हसलं तर हसू दे.”

धैर्यशील खिडकीतून आत वाकून मला सांगत होते. उजव्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, त्यामुळं सगळं डाव्या हातानं दाखवणं चाललं होतं. मी मान हलवत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि मान हलवायची मला चांगली सवय होती.

कराडच्या पलीकडं एका खासगी कारखान्याची जुनी धावपट्टी आहे. विमानं उतरणं कधीच बंद झालेलं. दर हिवाळ्यात आमच्या भागातले स्पोर्ट्स कारवाले ती एका दिवसासाठी घेतात. धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडलेले असतात. एकेकानं त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, टोकाला जाऊन वळायचं, तसंच परत यायचं आणि पांढऱ्या चौकटीत थांबायचं. कुणाला किती वेळ लागला ते फळ्यावर लिहून लावतात. धैर्यशील म्हणजे माझे यजमान. आमची शिरोलीला फाउंड्री आहे. त्यांनी आदल्या वर्षी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती, आणि या दिवसासाठी ते महिनाभर उड्या मारत होते. पण आठवड्याआधी बॅडमिंटन खेळताना पडले आणि मनगट मोडून बसले.

“मग वहिनींना बसवा की!” त्यांचे मित्र किरण मगदूम सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले. चेष्टेतच. पण चारचौघांत नाही कसं म्हणायचं? धैर्यशील गाडीत बसले, डाव्या हातानं स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर काहीतरी दाबलं आणि उतरून मला जागा दिली.

“नेहमीसारखी तुझ्यासाठी सोपी करून ठेवलीय,” ते म्हणाले.

मी निघाले.

ही गाडी त्यांच्या हातात असली की तिचं एक रूप असायचं. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची, पोटात खड्डा पडायचा. माझ्या हातात आली की ती पुरणपोळ्या हाणून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखी व्हायची. दाबा, दाबा, मग कुठं हं करून हलायची. वर्षभरात पाच-सहा वेळा त्यांनी मला ती चालवायला दिली होती, आणि दर वेळी शेजारी बसून हसले होते. “गाडी हात ओळखते, मंजू.”

मला हे आधी खरं वाटलं नव्हतं. माझे वडील गडहिंग्लजला जनावरांचे डॉक्टर. कुठं म्हैस अडली, कुठं बैल फुगला की जीप काढून वाड्यावस्त्यांवर जायचे. मी कॉलेजात गेल्यापासून ती जीप मीच चालवायची, ते बाजूला डोळे मिटून पडायचे. चिखल, ओढा, उसातली बैलगाडीची वाट, मी कधी कुणाला विचारलं नाही. घरात भाजीत मीठ किती हेसुद्धा मी सासूबाईंना विचारत आले, पण स्टिअरिंगवर बसल्यावर मला कुणाची गरज पडली नव्हती.

लाल गाडी आली आणि एका वर्षात मी विचारायला लागले. माझी स्वतःची छोटी गाडी चालवतानाही. “पुढं ट्रक आहे, काढू का? इथं वळू का? जमेल का?” मुलगी एकदा पुण्याहून आली होती, ती म्हणाली, “आई, तू अशी कधीपासून झालीस?” मी म्हटलं, वय झालं.

तर त्या सकाळी मी शंकूंमधून गेले आणि परत आले. पाय पूर्ण दाबूनही गाडी जाग्यावरच झुलल्यासारखी. चौकटीत थांबले तेव्हा तंबूखाली खुर्च्या टाकून बसलेली सगळी मंडळी हसत होती.

“काय वहिनी,” किरण मगदूम ओरडले, “घोडा दिला होता, तुमी गाढव करून परत आणला!”

मी धैर्यशीलांकडं पाहिलं. ते सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. “मी सांगितलं होतं की नाही?”

मी उतरले. तंबूत जाऊन चहा घ्यावा, नाहीतर गाड्यांच्या मागं जाऊन थोडं उभं राहावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला.

“किधर चालले? तुमी परत बसा. मी बाजूला बसते.”

त्या पर्सिस मॅडम. पुण्याच्या. त्या दिवशी सगळ्यांना शिकवायला त्यांनाच बोलावलं होतं. साठीच्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. तरुणपणी त्यांनी घाटाघाटांतून रॅली मारल्या होत्या. मराठी बोलताना बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई करायच्या, पण त्यांच्यासमोर कुणी हसत नसे.

“मॅडम, राहू दे,” मी म्हटलं. “माझ्या हातात नाही ती चालत.”

“ते मी बघते. बसा.”

आम्ही निघालो. पहिला शंकू, दुसरा, तिसरा. त्या रस्त्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या पायांकडं बघत होत्या.

“पाय किती खाली आहे?”

“पूर्ण.”

“पूर्ण म्हणजे फरशीला टेकला?”

“टेकलाय.”

“थांबा.”

मी मधेच गाडी थांबवली. त्यांनी चष्मा चढवला आणि पडद्याकडं वाकून पाहिलं. पडद्यावर घड्याळ होतं आणि कोपऱ्यात एक छोटी किल्ली. मी चालवायला बसले की नेहमी तेवढंच दिसायचं.

“हे कोणी केला?”

“काय?”

“हे किल्ली. हे काय आहे, तुमाला माहीत आहे?”

मी म्हटलं, “यजमान माझ्यासाठी सोपं करून ठेवतात, ते असेल.”

 पर्सिस मॅडमनी हात लांब करून माझ्यासमोरचा नाही, स्वतःच्या गुडघ्यासमोरचा कप्पा ओढला. उघडला नाही. उघडायचा नाहीच तो. पावसाळ्यात मी त्यात चष्मा ठेवायला गेले होते, तेव्हा धैर्यशील म्हणाले होते, कप्पा जाम आहे, शोरूमला दाखवू.

“मोठ्या हॉटेलमधे जातो ना आपण,” त्या सावकाश म्हणाल्या, “दारात माणूस असतो, त्याला किल्ली देतो, जा बाबा, गाडी लावून ये. तो मजा मारेल, गाडी पळवेल, म्हणून हे मोड असतो. व्हॅले मोड. इंजिन अर्धा बंद. स्पीडला दोर. गिअर लौकर लौकर पडतात. पडदा बंद, कप्पा बंद, त्याने काय चोरू नये म्हणून. नंबर टाकल्याशिवाय निघत नाय.”

“म्हणजे गाडी मंद होती?”

“गाडी बांधलेला होता, डिअर.”

“आणि माझे हात?”

“हात फर्स्टक्लास. ब्रेक तुमी बरोबर जागी मारला, नजर पुढच्या शंकूवर. मी पहिल्या वेळीच बघितला. म्हणून तर आली मी.”

खरं सांगते, मला आधी राग आला नाही. आनंद झाला.  वर्षभर मी रात्री पडल्यापडल्या स्वतःला समजावत होते, की डोळे मंदावले असतील, पाय जड झाले असतील, बाईचं असंच होतं. आणि माझं काहीच झालं नव्हतं.

राग आला तो गाडी वळवून तंबूकडं परत येताना. अर्धी धावपट्टी होईपर्यंत तो पुरता माझ्या अंगात भरला होता.

धैर्यशील खिडकीशी आले. मागोमाग किरण मगदूम आणि आणखी दोघं-तिघं.

“काय झालं? बंद पडली का?”

“अहो, नंबर सांगा,” मी म्हटलं.

“कसला नंबर?”

“ही किल्ली काढायचा.”

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मागं उभ्या असलेल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. गाडीवालेच ते सगळे, किल्लीचं चिन्ह न ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. आता कुणी हसत नव्हतं.

“मंजू, राहू दे. घरी जाऊन बोलू.”

“घरी बोलूच. आत्ता नंबर सांगा.”

“तुला झेपायची नाही ती. जिवाशी खेळ आहे. मी तुझ्याच काळजीनं...”

“नंबर.”

“बरं, सरक जरा, मी दाबतो.” त्यांनी डावा हात आत घातला आणि बँकेच्या मशीनसमोर उभं राहतात तसा खांदा मध्ये घेतला. मी त्यांचा हात धरून बाहेर ठेवला. जोरात नाही. पण पंचवीस वर्षांत मी असं केलं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

“सांगा. मीच दाबते.”

ते पुटपुटले, “एक दोन तीन चार.”

“मोठ्यानं.”

“एक, दोन, तीन, चार!”

मी दाबले. किल्ली गेली. पडदा उजळला, कप्पा टक करून आपोआप ढिला झाला. वर्षभर मला ज्यानं बांधून ठेवलं होतं ते धड कुलूपही नव्हतं. नुसती कडी. कुणी विचारलं असतं तर काढता आली असती. मी विचारलं नव्हतं.

“वहिनी, ट्रॅक मोड लावा, रेसवाला!” मागून कुणीतरी म्हणालं. “सगळं बंद करा, मग बघा!”

“काही नको,” धैर्यशील म्हणाले. “कम्फर्टला ठेव. सगळ्या मदती चालू राहू दे.”

“तुमी दोघं पण गप बसा,” पर्सिस मॅडम म्हणाल्या. “मंजूषा, ते तयार मोड आहेत. बाजारातला ब्लाउज. कोणाला बसतो, कोणाला नाय. खाली बघा, तुमचं तुमी ठरवायचा पण आहे. एक एक विचारते, तुमी सांगा. कळला नाय तर मला विचारा. ह्यांना नाय.”

आम्ही पुन्हा धावपट्टीच्या मोकळ्या बाजूला गेलो. तिथं कुणी बघायला नव्हतं.

“इंजिन?”

“तिखट.” पाय ठेवला की गाडीनं उत्तर द्यायला हवं होतं. एक फेरी मारून पाहिली. पाठ सीटला चिकटली आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला, तो आता लिहिता येणार नाही.

“सस्पेन्शन? कडक म्हणजे रेसवाला.”

मी कडक लावून एकदा गेले. जुनी पट्टी, डांबराला ठिगळं. ठिगळ आलं की चाक उडत होतं, आणि उडालेल्या चाकाला जमिनीचं काही कळत नाही, हे मला गडहिंग्लजच्या वाटांनी शिकवलं होतं. “मऊ,” मी म्हटलं. पर्सिस मॅडमनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसल्या. “सगळे कडक लावतात. दिसायला मर्दानी.”

“स्टिअरिंग?”

“मधलं.”

“हे बघा, लेनवाली मदत. गाडी पट्ट्याच्या बाहेर जाते असं वाटलं तर स्टिअरिंग स्वतः ओढते.”

ती चालू ठेवून मी शंकूकडं वळवली. गाडीनं माझ्या हातातलं स्टिअरिंग हळूच उलटं ओढलं, कुणी बाजूनं मनगट धरावं तसं. “बंद,” मी म्हटलं. “हायवेला चालू ठेवीन. इथं नको.”

“ब्रेकवाली, चाक लॉक होऊ देत नाय ती?”

“ती राहू दे.”

“बाकी लोक म्हणतील, डरपोक.”

“म्हणू देत. ती माझ्या मधे येत नाही. गरज लागेल तेव्हाच येते.”

“आणि घसरायला लागली तर सावरते, ती? पूर्ण, अर्धी, की बंद?”

इथं मी थोडी थांबले. सगळं बंद करून दाखवावं, तंबूखालच्यांची तोंडं बघावीत, असं एकदा वाटलं. पण मग ती निवड माझी झाली नसती. ती त्यांना दाखवण्यासाठी झाली असती.

“अर्धी,” मी म्हटलं. “थोडं घसरू दे, मला कळू दे. फारच झालं तर धर.”

“साबाश. आता हे साठवायचा. कोणाच्या नावावर?”

पडद्यावर चालकांच्या जागी एकच नाव होतं, धैर्यशील. त्याच्या खाली अधिकचं चिन्ह. मी ते दाबलं आणि एकेक अक्षर टाकत मंजूषा लिहिलं. पर्सिस मॅडम उतरल्या. “एकटीने जा,” म्हणाल्या.

त्या फेरीचं फार वर्णन करत नाही. पहिल्या शंकूला मी ब्रेक मारला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला गाडीची शेपटी सरकली, सीटखालून मला कळलं, मी स्टिअरिंग थोडं उलटं दिलं आणि पाय काढला नाही. टोकाच्या वळणावर एक शंकू मात्र उडाला. परत येताना मी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. चौकटीत थांबले तेव्हा धूळ माझ्या पुढं निघून गेली.

पाडलेल्या शंकूचे दंडाचे सेकंद धरूनही माझा वेळ धैर्यशीलांच्या आदल्या वर्षीच्या वेळेपेक्षा कमी आला. पहिलीबिहिली आले नाही. किरण मगदूम पुढं आले आणि म्हणाले, “वहिनी, गाढव मीच.” मला त्या माणसाचा राग तिथंच गेला. धैर्यशील तंबूत नव्हते. फोनवर बोलत लांब उभे होते. फोन उलटा धरला होता.

परतीला गाडी मलाच चालवावी लागणार होती, त्यांचा हात मोडलेला आणि सकाळी गाडी आणणारा फाउंड्रीतला ड्रायव्हर कधीच परत गेलेला. मी हायवेला लागले तशी लेनवाली मदत चालू केली. ते पाहत होते.

उंब्रज मागं पडलं. मग ते म्हणाले, “चार लोकांत माझी लाज काढलीस.”

“वर्षभर माझी काढलीत, ती?”

“मी काळजीपोटी केलं. एवढी ताकदीची गाडी. तुला काही झालं असतं तर?”

“मग सांगायचं होतं. सांगितलं असतंत तर पहिले चार दिवस मीच म्हटलं असतं, राहू दे बांधून.”

“सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

“तुम्ही मोड लावलात, त्याचं मला काही नाही,” मी म्हटलं. “लावून वर हसलात. शेजारी बसून, दर वेळी. तुम्हाला माहीत होतं गाडी का पळत नाही, आणि तुम्ही माझ्या हातांना हसलात. लोकांना पण हसवलंत.”

त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.  ही गाडी फार दिवस आपल्या घरी टिकत नाही, हे मला त्या हायवेवरच कळलं, आणि झालंही तसंच. दिवाळीच्या आत त्यांनी ती विकली. सर्व्हिसिंगला त्रास होतो, एवढंच म्हणाले. प्लास्टर निघाल्यावर जेमतेम काही महिने चालवली असेल. एका पडद्यावर दोन नावं त्यांना सोसली नाहीत, असं मला वाटतं. त्यांना विचाराल तर ते सर्व्हिसिंगच सांगतील. आम्ही आजही एका घरात राहतो, भांडत, जेवत, नातवंडांना खेळवत. पण त्यानंतर मी रस्त्यावर कुणाला “काढू का?” म्हणून विचारलेलं नाही. हिवाळ्यात पर्सिस मॅडमचा फोन आला की मी धावपट्टीवर जाते आणि शिकायला आलेल्या बायकांच्या शेजारी बसते. त्यांच्या पायांकडं बघते.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायला बराच अवकाश होता. ताराबाई पार्कात आमच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. धैर्यशील डाव्या हातानं धडपडत दार उघडून उतरले, पुढून वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि हात पसरला.

“किल्ली.”

“आंबा घाटापर्यंत जाऊन येते.”

“आत्ता? एकटी?”

“हो.”

“घाट आहे तो मंजू. वळणं बघितलीयस का?”

“बघायलाच चाललेय.”

“हे बरं नाही हं,” ते म्हणाले, पण हात तसाच पसरलेला राहिला, जणू सवयीनं मी त्यावर काहीतरी ठेवीनच. समोरच्या बंगल्यातल्या वहिनी गॅलरीत येऊन बघत होत्या. मी त्यांना हात केला. मग पडद्यावर माझ्या नावाला बोट लावलं, काच वर घेतली, आणि अर्ध्यावर थांबवून सांगितलं,

“जेवायला थांबू नका.”